ज्याच्या त्याच्या देहापुरतं

पिंपळे गुरव
२७ जानेवारी २०२५

ज्ञान्या,

तुझ्या नावाच्या शेवटी देव आहे आणि तो मी लिहीत नाही, हे तुला कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या दिवसांपासून ठाऊक आहे. नुसतं ज्ञान लिहावं एवढीही तुझी लायकी नाही, पण काहीतरी हाक मारावी लागते.

काल आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात झेंडावंदन झालं. मग जिलेबी, मग भाषण. वक्ता म्हणून बँकेतला एक निवृत्त मॅनेजर आणला होता. मला ऐकू येत नाही म्हणून पहिल्या रांगेत बसवतात, ओठ वाचता यावेत म्हणून. त्या माणसाचे ओठ वाचणं ही शिक्षाच होती. म्हणे, ज्यांनी हा देश उभा केला ती सगळी माणसं पूजा आटोपल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसत. म्हणे, आपल्या राज्यघटनेची सुरुवातच ईश्वराला वंदन करून झाली आहे. आणि आमची सगळी म्हातारी डोकी डोलत होती, टेम्पो खड्ड्यातून गेला की पोत्यातले बटाटे हलतात तशी. यातल्या निम्म्या लोकांनी तीस-तीस वर्षं कारखान्यांत मापं घेतली आहेत. कॅलिपर लावल्याशिवाय खिळासुद्धा पास न करणारी माणसं. पण देवाचं नाव निघालं की माप बंद.

मी उभा राहून माईक घेतला. म्हणालो, "साहेब, घटना उघडून पाहिलीत का कधी? पहिला शब्द 'आम्ही' आहे." मग सांगितलं की एकोणीसशे एकोणपन्नास सालच्या ऑक्टोबरात घटना समितीत एका सभासदाने दुरुस्ती मांडली होती, सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी. मतदान झालं. बाजूने एकेचाळीस, विरुद्ध अडुसष्ट. देव सत्तावीस मतांनी पडला. पहिल्या पंतप्रधानांनी, नेहरूंनी, स्वतः लिहून ठेवलं होतं की माझ्या मरणानंतर कसलाही धार्मिक विधी नको, कारण न मानता विधी करणं हा ढोंगीपणा आहे. आणि बाबासाहेबांचं तर बोलायलाच नको. अशा माणसांनी बांधलेल्या घरात बसून तुम्ही घंटा वाजवताय.

अध्यक्ष म्हणाले, "दौलतराव, आजच्या दिवशी वाद नको." माईक काढून घेतला. मॅनेजरने माझ्याकडे बघून हात जोडले, वेड्याला जोडतात तसे. कस्तुरा मागून शर्ट ओढत होती. घरचा जिना चढताना दोनदा थांबली. वय झालं, दुसरं काय.

वर्षालीला मी सांगून ठेवलंय की माझ्या बाबतीत नेहरूंसारखंच करायचं. भटजी नको, गंगाजल नको, दहावा-तेरावा नको. पोरगी हो म्हणाली. तिच्या मनात काय असतं ते तिचं तिला माहीत.

हे पत्र तिच्याच हाती देतोय. तळवड्याला ऑफिसात जाता जाता तुझ्या दारात टाकेल. फोन आपल्या दोघांच्या कामाचा नाही, आणि व्हॉट्सॲपवर आपल्या वयाची माणसं एकमेकांना काय पाठवतात ते मी पाहिलंय. आपले दोघांचे कान त्या प्रेसच्या दणक्यांनी नेले, निदान डोळे तरी स्वच्छ राहू देत.

दौलत

*

तळवडे
४ फेब्रुवारी २०२५

दौलत,

जय भीम. पत्र मिळालं. वर्षाली दारातूनच जात होती, जाईने तिला ओढून आत आणून पोहे खायला घातले.

आकडे तू बरोबर सांगितलेस. तुझे आकडे कधी चुकत नाहीत, अर्थ चुकतो. पत्रा कापायच्या डायची मापं अचूक घ्यायचास आणि डाय उलटी बसवायचास, तसंच आहे हे. त्या अडुसष्ट जणांनी देवाला पाडलं असं तू सांगत फिरतोस. देव उभाच नव्हता निवडणुकीला. विरोधात बोलणाऱ्यांत देव मानणारी माणसंही होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की श्रद्धेच्या बाबतीत कुणावर सक्ती नको. पडली ती सक्ती. हे तुझ्या डोक्यात शिरायला अजून किती प्रजासत्ताक दिन लागणार?

दुसरं. नेहरू आणि बाबासाहेब ही दोन नावं एका दमात घेऊ नकोस. नेहरूंना देवळाचं दार उघडं होतं, ते आत गेले नाहीत. मोठी गोष्ट, मान्य. तुलाही उघडं होतं. तू पायरीवरून परत फिरलास आणि तेवढ्या भांडवलावर पन्नास वर्षं छाती काढून चालतोयस. माझ्या बापाला त्या पायरीवर उभं राहू दिलं नव्हतं. बाबासाहेबांनी आम्हाला तिथून उठवून दुसरीकडे नेलं, मोकळ्या रस्त्यावर सोडून दिलं नाही. माणसाला धम्म लागतो असं त्यांचं म्हणणं होतं. तुझ्यासारख्याला ते कळायचं नाही. नाकारणं तुला परवडतं, कारण तुझ्याकडून कुणी काही काढून घेतलेलं नाही.

आणि नेहरूंच्या त्या इच्छेचं पुढे काय झालं ते संघात का नाही सांगितलंस? चौसष्ट साली भटजी आले, मंत्र झाले, सगळं यथासांग झालं. मेलेल्या माणसाने काय लिहून ठेवलंय ते जिवंत माणसं वाचत नाहीत. त्यांना जे करायचं असतं ते करतात आणि वर त्याला श्रद्धा म्हणतात. तेव्हा वर्षाली हो म्हणाली यावर फार विसंबू नकोस.

वहिनी जिन्यात दोनदा थांबल्या हे तू भाषणाच्या आणि जिलेबीच्या खाली लिहिलंस. ते म्हातारपण नव्हे. माझी जाई त्यांच्याच वयाची आहे, ती थांबत नाही. डॉक्टरला दाखव. एकेचाळीस आणि अडुसष्ट तुला पाठ आहेत, बायकोचं बीपी किती ते लिहून कळव.

ज्ञानदेव (पूर्ण नाव लिहायला मला काही होत नाही)

*

पिंपळे गुरव
२१ फेब्रुवारी २०२५

ज्ञान्या,

दाखवलं. हृदयाची झडप खराब आहे. दहा दिवस झाले, दवाखान्यात आहे. तुझं ऐकलं असं समजू नकोस, वर्षालीने रिक्षा बोलावली.

दवाखाना म्हणजे सहा मजली काच. आत शिरलं की समोर गणपती, माणसापेक्षा मोठा, पायाशी फुलं. त्याच्या शेजारी बिल भरायची खिडकी. मोठा डॉक्टर येतो तो आधी गणपतीच्या पायाला हात लावतो आणि मग तोच हात पेशंटला लावतो. मी त्याला विचारलं, ऑपरेशन होईल का? तो म्हणाला, वय आणि किडनी बघता धोका आहे, आता वरच्यावर सोपवा. मी म्हणालो, "वरच्या मजल्यावर कोण बसतं?" त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. वर्षालीला बाजूला घेऊन बोलला. एवढं शिकून शेवटी वर बोट दाखवायचं असेल तर ते काम आमच्या चाळीतला मांत्रिकही करायचा, आणि निदान लिंबू तरी द्यायचा.

तू धम्माचं सांगतोस. तुझ्या नव्या फ्लॅटच्या वेळी भंतेजी आले, मेणबत्त्या लावल्या, दोरा बांधला. तो दोरा वर्षालीला तुझ्या मनगटावर अजून दिसला. मळून काळा झालाय म्हणाली. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस दोरा बांधून हिंडतो आणि मला पायरीच्या गोष्टी सांगतो. दोऱ्याने काय अडतं ते लिही, मीही एक बांधतो झडपेला.

आमच्या घरात देव कधीच नव्हते असं तुला वाटत असेल तर सांगतो, आहेत. स्वयंपाकघराच्या कपाटात, डाळीच्या डब्यांच्या मागे. हॉलमध्ये मी ठेवू दिले नाहीत, पण कपाटाबद्दल कधी बोललो नाही. एवढी मोकळीक मी दिली होती. कस्तुराची काही तक्रार नाही. दवाखान्यातही तिचं काही म्हणणं नाही. शांत पडून असते.

दौलत

*

तळवडे
१२ मार्च २०२५

दौलत,

जय भीम. बायकोला स्वतःच्या घरात देव डाळीमागे लपवावे लागले आणि त्याला तू मोकळीक म्हणतोस. जुन्या काळी गावातले पाटीलसुद्धा असंच बोलायचे. आम्ही यांना काही कमी केलं का, असं.

दोरा माझ्या नातीने, आम्रपालीने बांधला. त्याने काही अडत नाही. प्रेस खाली येत असेल तर दोऱ्याने थांबत नाही हे मला माझं बोट सांगतं, उरलेलं अर्धं. पण पोरीने बांधला तेव्हा ती हसत होती, म्हणून काढला नाही. तुला कुणी हसत काही बांधलं तर तू आधी त्याचं शास्त्रीय कारण विचारशील.

जाई परवा दवाखान्यात वहिनींकडे जाऊन आली. बराच वेळ बसली होती. तू खाली कँटीनमध्ये चहा प्यायला गेला होतास. दोघी काय बोलल्या ते तिने मला पूर्ण सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तर हाताने खूण करून म्हणाली, "तुमाला काय करायचंय? ज्येनं ऐकायचं त्येनं ऐकलंय." तिचे ओठ मला चांगले वाचता येतात.

तेव्हा एकच विचारतो. वहिनी तुला काही बोलल्या का?

ज्ञानदेव

*

पिंपळे गुरव
१८ मार्च २०२५

ज्ञान्या,

बोलली. म्हणाली, मीठ कमी खा. गॅस बंद करायला विसरू नका. वर्षालीला टाकून बोलू नका. बायका जे बोलतात ते बोलली. तुझ्या बायकोला गूढ बोलायची सवय आहे, त्यात तू पडू नकोस.

परवा घरी आणलं. दवाखान्यात ठेवून काही उपयोग नाही म्हणाले. हॉलमध्ये खिडकीपाशी पलंग लावलाय. सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवतो. माझा आवाज किती मोठा लागतो ते मला कळत नाही. काल शेजारची बाई दार वाजवून गेली, भांडण चाललंय का बघायला. कस्तुरा हसली. हसली की धाप लागते, म्हणून मी रागावलो.

गावाकडून तिचा भाऊ आला होता. येताना कसलीशी विभूती घेऊन आला. मी त्याला दारातच म्हणालो, ही चपलांच्या कपाटात ठेव. ठेवली त्याने. असली माणसं. खरंच श्रद्धा असती तर माझ्याशी भांडला असता.

दौलत

*

तळवडे
६ एप्रिल २०२५

दौलत,

हे पत्र जाईच्या हाती देतोय. ती तुमच्याकडे पिठलं-भाकरी घेऊन येईल, वर्षालीला दोन घास खाऊ घालेल. तुझ्याशी ती बोलणार नाही असं म्हणाली आहे. म्हणून मी लिहितो.

परवा मी स्मशानात होतो. तुझ्यापासून चार हातांवर. ऐकू येत नाही म्हणून मी डोळ्यांनी सगळं बघतो. वहिनींना आणलं, विद्युतदाहिनीच्या रुळावर ठेवलं, तू बटण दाबायला सांगितलंस. हार नाही, तुळशीचं पान नाही, तोंडात पाण्याचा थेंब नाही. वर्षालीच्या पिशवीत पितळेचा छोटा गडू होता. तिने तो अर्धा बाहेर काढला, तुझ्याकडे पाहिलं, आणि परत आत ठेवला. वहिनींचा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता. आणि तू ताठ उभा होतास, जसा काही झेंडा फडकवतोयस. बाहेर आल्यावर तू मला हाताने खूण केलीस, बघ, करून दाखवलं.

घरी आल्यावर जाईने मला उरलेलं सांगितलं. दवाखान्यात वहिनी तिला म्हणाल्या होत्या, "माझं सगळं नीट करा म्हणावं. अग्नी, दहावा, पिंड. त्यांच्या हातानं. दुसऱ्या कुणाच्या नको. मी त्यांना सांगितलंय, त्यांनी मान हलवली."

त्यांनी मान हलवली. आणि मला तू मीठ आणि गॅस लिहून पाठवलंस.

चौसष्ट सालच्या त्या माणसांना तू आयुष्यभर शिव्या घातल्यास. न मानणाऱ्या माणसावर त्यांनी विधी लादले, कारण तो मेला होता आणि ती माणसं जिवंत होती. तू काय केलंस? मानणाऱ्या बाईचे विधी काढून घेतलेस, कारण ती मेली होती आणि तू जिवंत होतास. सांग मला फरक. एक तरी सांग. नेहरूंनी लिहिलं ते स्वतःच्या देहाबद्दल लिहिलं. बायकोच्या देहाबद्दल नाही, शेजाऱ्याच्या नाही. तू त्यांचं वाक्य घेतलंस आणि दुसऱ्याच्या प्रेतावर चिकटवलंस. तो बँक मॅनेजर तुझ्यापेक्षा बरा. तो निदान मेलेल्या पुढाऱ्यांबद्दलच खोटं बोलत होता.

पन्नास वर्षांत मी तुला खूप बोललो असेन, पण तुझी किळस कधी आली नव्हती.

दहावा रविवारी आहे.

ज्ञानदेव

*

पिंपळे गुरव
८ एप्रिल २०२५

ज्ञानदेव,

बघ, पूर्ण नाव लिहिलं. आता मित्राला लिहीत नाही, परक्याला लिहितोय.

माझ्या घरात नाक खुपसायचा अधिकार तुला कुणी दिला? बावीस प्रतिज्ञांत पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा आहे ना? मग पिंडाची वकिली करताना लाज नाही वाटत? श्राद्ध, भटजी, भाताचे गोळे, हे सगळं थोतांड आहे असं तू मला कँटीनच्या टेबलावर बसून समजावलेलं आहेस. मी तेव्हा लातूरहून नुकता आलो होतो आणि शनिवारी मारुतीला तेल घालायचो. तेल बंद केलं ते तुझ्यामुळे. आता तूच मला घाटावर पाठवतोस?

हो, बोलली ती. दवाखान्यात, पहाटे. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून बोलली, मला ओठ दिसावेत म्हणून. मी मान हलवली. मास्क परत लावावा म्हणून हलवली. तिला धाप लागली होती. मरणाऱ्या माणसापुढे मान हलवणं म्हणजे वचन नव्हे. डॉक्टरही हलवतात, नर्सही हलवतात. बऱ्या व्हाल म्हणतात. त्याला तू कोर्टात नेशील का?

ती आता नाही. तिला काही कळत नाही, दिसत नाही, पोचत नाही. जिथे कुणी नाही तिथे कुणावर अन्याय होत नाही. हे तुला मान्य आहे. मान्य असून तू मला हे लिहिलंस, ते केवळ मला खाली पाडायला. पन्नास वर्षं वाट बघत होतास, सापडली संधी.

वर्षाली दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. ताट ठेवते आणि जाते. तिचे ओठ बंद असतात, मी वाचणार काय? जाईवहिनींची भाकरी मी खाल्ली नाही. हे पत्र त्यांच्याच हाती परत देतोय.

दौलतराव

*

तळवडे
९ एप्रिल २०२५

दौलत,

पिंड थोतांड आहे. आजही सांगतो. माझं कुणी मेलं तर मी देणार नाही, मी मेलो तर माझ्यासाठी देऊ देणार नाही. त्यासाठी जीव गेला तरी चालेल, कारण ते मी निवडलंय. माझ्या बापाने निवडलं, नागपूरला उभा राहून. आमच्याकडून आधी जे घेतलं ते कुणी विचारून घेतलं नव्हतं, म्हणून निवडणं काय असतं ते आम्हाला कळतं. तुला कळत नाही. तुला नुसतं बरोबर असणं कळतं.

वहिनींनी निवडलं होतं. कपाटात, डाळीमागे, पण निवडलं होतं. ते चुकीचं होतं का? माझ्या मते होतं. पण ते ज्याच्या त्याच्या देहापुरतं ज्याचं त्याने ठरवायचं असतं. एवढ्यासाठीच ते अडुसष्ट हात वर गेले होते. नाहीतर देव आहे की नाही यावर मतदान घ्यायला ती माणसं काही तुझ्या ज्येष्ठ नागरिक संघातली नव्हती.

ती नाही, तिला पोचत नाही, हे खरं आहे. मग नेहरूंनाही पोचलं नसणार. तरी तू साठ वर्षांनी त्यावरून गळ्याच्या शिरा ताणतोस. का ताणतोस ते स्वतःला विचार.

मान हलवली ते मास्कसाठी, असं तू लिहिलंस. असेल. पण तिने ती तुझी मान म्हणून घेतली. तुझ्या मानेला आयुष्यभर एवढी किंमत देणारं माणूस दुसरं नव्हतं, आणि आता तर कुणीच नाही.

मी म्हणतो म्हणून करू नकोस. माझं ऐकून एकदा मारुतीचं तेल बंद केलंस, तेवढं पुरे. रविवारी सकाळी चिंचवडच्या घाटावर मी येईन. विधीत येणार नाही, कठड्यापाशी उभा राहीन. तू आला नाहीस तर थोडा वेळ पवना बघेन आणि घरी जाईन. जयंतीची तयारी आहे, कामं पुष्कळ आहेत.

ज्ञानदेव

*

पिंपळे गुरव
१५ एप्रिल २०२५

ज्ञान्या,

तू कठड्यापाशी उभा होतास, मागे ट्रकवर निळे झेंडे बांधत होते, आणि तू हातात टोपी धरून उन्हात उभा होतास. जवळ आला नाहीस. निघतानाही बोलला नाहीस. बरं केलंस. बोलला असतास तर मी तिथेच भांडलो असतो.

तेव्हा तिथे काय झालं ते सांगतो, कारण लांबून तुला नुसत्या वाकलेल्या पाठी दिसल्या असतील.

आधी न्हावी. मिशी काढली. चाळीस वर्षांची मिशी, आणि त्या माणसाने ती बोलता बोलता काढली. मग गुरुजी. वर्षालीपेक्षा लहान असेल. एका कानात फोनची ती वायर नसलेली गुंडी. मधेच दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता, बारा वाजता मोशीला पोचतो. मला म्हणाला, "आजोबा, मी म्हणतो तसं म्हणा." मला ओठांवरून मराठी कळतं, संस्कृत कळत नाही. दोन-तीनदा प्रयत्न केला, मग नुसते ओठ हलवले. त्याला काही फरक पडला नाही. त्याच्या देवालाही पडला नाही. पाण्यात जलपर्णी, तिच्यात अडकलेली निर्माल्याची पिशवी, आणि या असल्या पाण्याला तो गंगा म्हणत होता. मी एवढ्या तुच्छतेने आयुष्यात कुठलं काम केलं नसेल. भाताचा गोळा मात्र नीट वळेना. वर्षाली शेजारी बसली होती, तिने माझ्या हाताखाली हात धरला. आमचं आठ दिवसांतलं पहिलं बोलणं ते.

पायरीवर पिंड ठेवला. सगळे मागे सरकले. कस्तुराचा भाऊ मला म्हणाला, "भावजी, कावळा नाही शिवला तर त्यांची इच्छा बोलून दाखवावी लागते. पूर्ण करतो म्हणायचं." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आणखी मागे गेला.

आणि कावळा आला. गुरुजींचं आसन अजून उचललं नव्हतं, तेवढ्यात आला. इकडे-तिकडे बघितलंसुद्धा नाही. चोच मारली, एक शीत घेऊन समोरच्या खांबावर बसला. सगळ्यांनी हात जोडले. भाऊ रडायला लागला. बायका एकमेकींना सांगत होत्या, समाधानानं गेली, काही मागे राहिलं नाही. एवढी माणसं एका कावळ्यावर खूश होताना मी पहिल्यांदा पाहिली.

ज्ञान्या, ते खोटं आहे.

आम्ही चाळीत राहायला आलो त्या वर्षीपासून तिला घरात सत्यनारायण घालायचा होता. जोडप्याने बसायचं असतं, एकटीला बसता येत नाही म्हणे. दर श्रावणात विचारायची. मी नाही म्हणायचो. मग विचारणं बंद केलं. दुसऱ्यांच्या घरी जायची, मागे बसायची, येताना वाटीत शिरा आणून माझ्यापुढे ठेवायची. शिरा मी खायचो. फ्लॅट घेतला तेव्हा एकदा म्हणाली, "तुम्ही नुसते पाटावर बसा, हात नका जोडू." मी तेव्हाही बसलो नाही. आज उठून आली आणि म्हणाली तरी बसणार नाही. ते मी कुणापुढे कबूल करत नाही, तुला माहिती देतोय.

पण कावळ्याला हे माहीत असायला हवं होतं. त्या लोकांच्या शास्त्राप्रमाणे तो अडायला हवा होता. दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत तिथे फिरकायला नको होता. मी तर मनात धरून बसलो होतो की अडणार, आणि सगळ्यांसमोर मला ते बोलावं लागणार. तो आला आणि खाऊन गेला. म्हणजे मी जन्मभर जे सांगत आलो ते त्या पायरीवर सिद्ध झालं, आणि त्याचा पुरावा त्या सगळ्या माणसांत फक्त माझ्याकडे होता.

मी तो सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. वर्षाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मला तिचे ओठ नीट दिसावेत म्हणून. रडून तोंड सुजलेलं, आणि हसत होती. म्हणाली, "बाबा, बघितलंत ना? आईचं काहीच राहिलं नव्हतं."

मी म्हणालो, "हो. काहीच नव्हतं."

दौलत